कात्री, खळ आणि मोडी कागद : माझ्या कोलाज चित्रांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न प्रदर्शनांत, कार्यशाळांत आणि व्हॉट्सॲपवर येत राहतात. एक तर खंडेराव मार्केटमध्ये मेथीची जुडी निवडताना आला होता. मी बडोद्याची, दांडिया बाजारात वाढलेली, त्यामुळे मराठीत मध्येच एखादा गुजराती शब्द डोकावला तर सांभाळून घ्या. आधीचे प्रश्न नवख्यांसाठी आहेत, पुढचे हात गोंदात बुडालेल्यांसाठी.

१. कोलाज म्हणजे नेमकं काय? आणि मिक्स्ड मीडिया वेगळं असतं का?

कोलाज हा फ्रेंच शब्द आहे आणि त्याच्या मुळाशी ‘चिकटवणं’ एवढंच आहे. कागद, कापड, फोटो, तिकिटं असं काहीबाही एका पृष्ठभागावर चिकटवून केलेलं चित्र म्हणजे कोलाज. एकाच चित्रात एकाहून जास्त माध्यमं आली की ते मिक्स्ड मीडिया. माझ्या चित्रांत कागदाचे थर असतात, त्यांच्या मध्ये आणि वर ॲक्रिलिक, कोळसा, शाई, कधी सुईदोऱ्याचे टाके. म्हणजे दोन्ही नावं लागू पडतात. नावावरून भांडायला मला वेळ नाही.

२. हे तर आम्ही शाळेत करायचो ते चिकटकाम! यात कला ती काय?

चिकटकामच आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पिकासोने १९१२ साली वेताच्या खुर्चीचं विणकाम छापलेलं मेणकापड कॅनव्हासवर डकवलं आणि भोवती सुंभासारखा दोर गुंडाळला. तेव्हापासून आधुनिक चित्रकलेत कोलाजचा शिरकाव झाला असं मानतात. पण त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षं आधी इंग्लंडमध्ये मेरी डेलनी नावाच्या बाईने सत्तरी ओलांडल्यावर रंगीत कागद कातरून फुलांची जवळजवळ हजार चित्रं केली होती. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

फरक मला एवढाच दिसतो. शाळेत आपण हिरवा घोटीव कागद कापून आंबा करायचो. तो कागद आंब्याआधी कोणीच नव्हता. माझ्या टेबलावर येणारा कागद आधी कोणाचं तरी बिल असतो, पत्रिका असतो, औषधाची चिठ्ठी असतो. जोवर वाचता येतो तोवर तो मजकूर आहे, वाचता येईनासा झाला की रंग होतो. माझं सगळं काम या दोहोंच्या मधल्या जागेत चालतं. किती पुसायचं आणि किती राहू द्यायचं, तेवढंच काय ते ठरवायचं. या हिशेबात मी एकदा सपशेल चुकले, ते प्रश्न १६ मध्ये आहे.

३. तुम्हाला कल्पना सुचतात कुठून?

निसर्गातून, असं उत्तर दिलं की लोक खूश होतात. खरं उत्तर भिंतींतून.

आमच्या गल्लीत एक भिंत आहे. तिच्यावर नवरात्रीच्या गरब्याची जाहिरात, तिच्याखाली क्लासेसची, तिच्याखाली निवडणुकीची, असे कागदावर कागद चढत जातात. पावसाळ्यात वरचा सुटतो, गाय येऊन एक कोपरा ओढते, आणि तीन वर्षांमागच्या उमेदवाराचा एकच डोळा गरब्याच्या घागऱ्यातून बघायला लागतो. असलं काही मला ठरवून जमलं नसतं. सोलून काढलेल्या थरांची माझी सवय तिथली आहे.

दुसरी भिंत तांबेकर वाड्याची. गायकवाडीतले दिवाण भाऊ तांबेकर यांचा हा लाकडी वाडा आता पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. आतल्या भिंती चित्रांनी भरून गेल्या आहेत. कृष्णाच्या लीला आहेत, लढाया आहेत, आणि कोपऱ्यात पोपडे निघून उघडा पडलेला चुनाही आहे. लोक चित्रं बघतात, मी चुना आणि चित्र जिथे भेटतात ती कड बघत बसते.

आणि तिसरी आमच्या देवघराची. तिथे रविवर्म्याच्या छापाची लक्ष्मी होती. बडोद्याचं आणि राजा रविवर्म्याचं नातं जुनं. सयाजीराव महाराजांनी त्याच्याकडून चौदा पौराणिक चित्रं करवून घेतली, आणि १८९४ मध्ये त्याने मुंबईत छापखाना काढल्यावर त्याच्या देवता घरोघरी पोचल्या. घरच्या बायका मग त्या छापील देवीला खरी साडी नेसवायच्या. जर, टिकल्या, मणी, कापडाचे तुकडे चित्रावरच टाचायचे किंवा चिकटवायचे. आमच्या लक्ष्मीचा पदर पणजीने स्वतःच्या शालूच्या काठातून केला होता. मी पाहिलेलं पहिलं मिक्स्ड मीडिया ते. पणजीला हा शब्द सांगितला असता तर तिने आधी हात धुऊन ये म्हटलं असतं.

४. बडोद्याच्या कलाशाळेचा तुमच्यावर किती प्रभाव आहे?

या गावात राहून तो टाळता येत नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० मध्ये सुरू झाली. मूळचे इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे तिथे सुरुवातीपासून शिकवत होते. पुढे के. जी. सुब्रमण्यन आले. त्यांच्यामुळे तिथे खेळणी, माती, काच, कापड यांना तैलरंगाइतकाच मान मिळाला. सुब्रमण्यन यांचे शांतिनिकेतनातले गुरू बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी १९५६-५७ च्या सुमारास गेली. त्यानंतर ते कागद कापून, हाताने चाचपून कोलाज करत. डोळे मिटून कागद फाडायचा सराव मी कार्यशाळेत देते तो त्यांच्याच आठवणीने.

आणि भूपेन खख्खर. चार्टर्ड अकाउंटंट माणूस, १९६२ मध्ये मुंबईहून बडोद्याला आला आणि सुरुवातीच्या काळात देवदेवतांची बाजारू छापील चित्रं कापून त्यांची कोलाज केली. बाजारातला कागद ‘चांगल्या’ चित्रात चालतो, हे माझ्या पिढीला सिद्ध करावं लागलं नाही, कारण त्याने ते आधीच करून ठेवलं होतं.

५. आधी स्केच करता की थेट चिकटवायला घेता?

स्केच करत नाही. कागद आधी वर्गवारीने लावते, पण विषयानुसार नाही. उजळ, मध्यम, गडद असे तीन खोके आहेत. लग्नपत्रिका आणि वीजबिल एकाच खोक्यात सापडतं आणि तिथेच त्यांची ओळख होते.

मग सहा मिलिमीटरच्या एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुश्याच्या) बोर्डवर जेसोचे, म्हणजे रंग धरावा म्हणून लावायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात. त्यावर पहिला थर अगदी टाकाऊ कागदांचा, कारण त्यातला बराच झाकला जाणार असतो. वाळला की पातळ रंगाचा हात. दुसरा थर विचारपूर्वक. मग मी चित्र तीन-चार दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवते. परत वळवलं की जे खटकतं ते पॉलिश पेपरने घासायचं. घासताना खालचा थर ठिपक्याठिपक्यांनी वर येतो. चिकटवण्यापेक्षा या उकरण्यात माझा जास्त वेळ जातो.

कात्री कमी वापरते. फाडलेल्या कडेला कागदाच्या आतली पांढरी तंतुमय रेघ दिसते, ती मला हवी असते. कागदालाही लाकडासारखी शीर असते. शिरेच्या दिशेने फाडला तर सरळ फाटतो, आडवा फाडला तर वेडावाकडा. दोन्ही कामाचे. अधूनमधून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढते. रंगांनी जे लपवलेलं असतं ते त्यात उघडं पडतं. सगळं एकाच राखाडीत दिसलं की समजायचं, चित्र झोपलंय.

६. चित्र पूर्ण झालं हे कसं कळतं?

पुढचा तुकडा चिकटवायचं कारण ‘इथे जागा रिकामी आहे’ एवढंच उरलं, की थांबते. उशिरा थांबलेली माझी बरीच चित्रं आहेत. ती आता इतर चित्रांच्या खाली आहेत.

७. कोणता गोंद वापरायचा? फेविकॉल चालतो का?

सरावाला पांढरा गोंद, म्हणजे आपण सरसकट फेविकॉल म्हणतो तो, खुशाल वापरा. पाणी घालून दुधाच्या सायीइतका सैल करा. टिकवायच्या कामाला मी ॲक्रिलिक मॅट मीडियम वापरते. ते वाळल्यावर पारदर्शक राहतं आणि त्यावर रंग नीट बसतो.

जुन्या नाजूक कागदासाठी मात्र खळच. एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत शिजवायची, गाळून गार करायची. खळीचा मोठा गुण असा की ओलसर केल्यावर कागद पुन्हा सोडवता येतो. गोंदाचं तसं नाही, तो एकदा बसला की बसला. जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) घालायचे, कीड लागू नये म्हणून. तुम्ही घालू नका. एक तर ते विषारी, शिवाय तांब्यामुळे कागद कालांतराने तपकिरी आणि ठिसूळ होतो. मी त्या दिवसापुरतीच खळ करते, उरली तर फेकते.

८. कागदाला सुरकुत्या आणि फुगे येतात. काय चुकतंय?

बहुतेक वेळा घाई. कागद ओला झाला की फुगतो, आणि शिरेला आडवा जास्त फुगतो. गोंद लावून लगेच चिकटवला तर तो बोर्डवर बसल्यावर पसरतो आणि सुरकुती पडते. म्हणून गोंद लावून एखादं मिनिट थांबा, त्याचं फुगणं टेबलावरच होऊन जाऊ द्या. मग बोर्डवरही पातळ हात देऊन कागद ठेवा आणि मध्यापासून कडेकडे रबरी रोलर फिरवा. रोलर नसेल तर जुनं लाटणं चालेल, फक्त ते परत स्वयंपाकघरात नेऊ नका. वाळल्यावर राहिलेल्या फुग्याला ब्लेडने बारीक चीर द्या, सुईने आत गोंद सोडा.

एक पळवाट: सुरकुती चांगली दिसत असेल तर तीच मूळ कल्पना होती असं सांगा.

९. वाळल्यावर बोर्डच वाकला. आता?

कागद वाळताना आकसतो आणि बोर्डला आपल्याकडे ओढतो. पाठीमागेही तेवढ्याच जाडीचा कागद त्याच गोंदाने चिकटवा, म्हणजे ओढ दोन्हीकडून सारखी होते. हे आधीच केलं तर उत्तम. पातळ पुठ्ठ्यावर अनेक थरांचं काम करू नका, हे मात्र मी हात जोडून सांगते.

१०. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडतो. उपाय काय?

पडणारच. त्यात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं, आणि उजेड-हवा लागली की ते पिवळं-तपकिरी होतं. वार्निशने हे लांबवता येतं, थांबवता येत नाही. टिकाऊ हवं तर पान स्कॅन करून आम्लमुक्त कागदावर लेझर प्रिंट काढा. टोनरची काळी अक्षरं भरवशाची असतात. साध्या इंकजेटची शाई ओल्या गोंदात ओघळते.

दुसरा मार्ग ट्रान्स्फरचा. लेझर प्रिंट पालथी करून मीडियमवर चिकटवायची, पूर्ण वाळू द्यायची, मग ओल्या बोटाने मागचा कागद चोळून काढायचा. छाप खाली राहतो. तो उलटा उमटतो, त्यामुळे अक्षरं हवी असतील तर प्रिंट आधीच आरशातल्यासारखी काढा. मी एकदा हे विसरले आणि अख्खा मोडी लिपीतला मजकूर उलटा उमटला. प्रदर्शनात कोणाच्या लक्षातही आलं नाही. तेव्हा मला हसू आलं होतं.

११. पतंगाचा कागद, साडीचे काठ, जर हे सगळं चालतं का?

उत्तरायणानंतर, म्हणजे आमच्याकडच्या पतंगांच्या संक्रांतीनंतर, आठवडाभर मी झाडाझाडांखाली फिरते. फाटके पतंग मिळतात, फुकट आणि सुंदर. पण त्या कागदाचा रंग कच्चा असतो. ओला झाला की शेजारच्या पांढऱ्यावर उतरतो, उन्हात विटतो. रंग फुटणं चालणार असेल तरच वापरा. मांजा मात्र तिथेच गुंडाळून कचऱ्यात टाका, चित्रासाठीही उचलू नका. पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात.

साडीचा काठ जड असतो, गोंदावर विसंबू नका, बोर्डला छिद्रं पाडून टाके घाला. खऱ्या जरीत चांदी असते, ती हवेतल्या गंधकाने काळवंडते. नकली जरीत तांबं असेल तर तीही रंग बदलते. मला काळी पडलेली जर आवडते, त्यामुळे मी तिला हात लावत नाही. ग्राहकाला मात्र आधी सांगते.

१२. वर ऑइल पेंट मारला तर?

ॲक्रिलिकवर ऑइल चालतो, ऑइलवर ॲक्रिलिक धरत नाही. आणि कोऱ्या कागदाला तेल थेट लागू देऊ नका, डाग पसरतो आणि कागद कुजतो. मध्ये मीडियमचे दोन हात हवेत.

१३. पावसाळ्यात चित्राला बुरशी, कसर लागते. फ्रेम कशी करावी?

काच चित्राला टेकता कामा नये. मध्ये पट्टी घालून पाच-सहा मिलिमीटर जागा सोडायला सांगा, नाहीतर दमट हवेत कागद काचेला चिकटतो. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांत मागून बुचाचे तुकडे लावा, भिंत आणि चित्र यांच्यामधून हवा खेळते. न्हाणीघराच्या भिंतीवर टांगू नका. खळीच्या कामाला कसर लवकर लागते, म्हणून वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत, मागची बाजू बघा.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा माझी पस्तीची (म्हणजे रद्दीची) सहा पोती समा भागात एका नातलगाच्या तळमजल्यावर होती. पाणी ओसरल्यावर कागदाच्या विटा झाल्या होत्या. भिजलेल्या कागदाला दोनेक दिवसांत बुरशी धरते, म्हणून आम्ही रात्रभर पंख्याखाली एकेक पान सोडवत बसलो. चार पोती फेकावी लागली. उरलेल्या दोनमधल्या विटा आडव्या कापून त्यांच्या कडा जशाच्या तशा बोर्डवर लावल्या. गाळाची रेघ अजून त्यात आहे. या मालिकेबद्दल फोनवर भरभरून बोलणारे लोक विकत मात्र घेत नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही.

१४. मासिकातले फोटो, दुसऱ्याची चित्रं कापून वापरली तर कायद्याने चालतं का?

कापून चिकटवलं म्हणजे ते आपलं झालं, हा गैरसमज आहे. भारतात चित्रावरचा हक्क कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. फोटोचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. रविवर्मा १९०६ मध्ये गेला, त्याची चित्रं खुली आहेत. काल छापलेल्या मासिकातला फोटो नाही. घरी सरावाला वापरा, पण विकायचं असेल किंवा प्रती काढायच्या असतील तर परवानगी घ्या, किंवा सोपं म्हणजे स्वतः फोटो काढा.

रद्दीत आलेल्या खाजगी कागदांचं काय, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. कुंडल्या, रक्ताचे रिपोर्ट, आधारच्या झेरॉक्स सर्रास येतात. नाव, पत्ता, नंबर असलेला भाग मी आधी फाडून वेगळा करते आणि भिजवून लगदा करते. कायदा दूरच राहिला, आपला रिपोर्ट कोणाच्या दिवाणखान्यात टांगलेला आपल्याला आवडेल का?

१५. देवाचं कॅलेंडर, जुन्या नोटा, झेंडा, असलं काही फाडता का?

देवाचा चेहरा कापत नाही. हा नियम भक्तीचा की भीतीचा, विचारू नका. पण पिंपळाखाली ठेवून दिलेल्या तसबिरी बघितल्या की हात जातो. मग मी लक्ष्मीमागचं तळं घेते, कमळाची पानं, रामाच्या डोक्यावरचे गुलाबी ढग. छापील देवांच्या मागचं आकाश फार सुरेख असतं आणि त्याच्याकडे कोणीच बघत नाही.

राष्ट्रध्वज फाडणं, कापणं हा १९७१ च्या कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे तो विषयच नाही. नोटांची गंमत वेगळी. नोटाबंदीतल्या पाचशे-हजारच्या नोटा लोक ‘कोलाजला घ्या’ म्हणून कौतुकाने देऊ करतात. २०१७ च्या कायद्यानुसार अशा दहापेक्षा जास्त नोटा जवळ ठेवता येत नाहीत. अभ्यास किंवा संग्रहासाठी पंचवीस. कोलाज त्यात बसतं का, हे मला न्यायालयात जाऊन शोधायचं नाही. तेव्हा नको.

१६. आमच्याकडे आजोबांचे मोडी कागद आहेत. कोणालाच वाचता येत नाहीत. तुम्हाला देऊ का?

आधी वाचून घ्या. मग बोलू.

बडोद्यातल्या मराठी घरांत असे कागद पुष्कळ निघतात. आधी पानभर आडवी रेघ, तिला लटकलेली न तुटणारी अक्षरं, बोरूचा जाड-बारीक वळसा. माझ्या आजोबांना मोडी यायची, वडिलांना अडखळत, मला मुळीच नाही. म्हणजे तो कागद माझ्या हाती आला तेव्हा आधीच रंग होऊन आला होता. मी त्याच समजुतीने पहिल्या प्रदर्शनातल्या एका चित्रात आमच्या घरातलं एक पान चिकटवलं, खालचा अर्धा भाग विटकरी रंगाने झाकला. लोकांना ‘टेक्स्चर’ फार आवडलं.

तिसऱ्या दिवशी रावपुऱ्यातले एक वयस्क काका आले. चष्मा कपाळावर सरकवून चित्राला नाक लावून उभे राहिले आणि मोठ्याने वाचायला लागले. ती घरातल्या कोणत्याशा लग्नासाठी शेजाऱ्यांकडून आणलेल्या भांड्यांची यादी होती. अमक्यांकडून पातेली दोन, तमक्यांकडून परात एक, घंगाळ एक. वाचत वाचत ते विटकरी रंगापाशी आले आणि थांबले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “ताई, पुढे काय? परत केली का?”

मला काय माहीत. ॲक्रिलिक होता, गोंद पक्का होता. कागद सोडवायचा प्रयत्न केला तर वरचा थर अक्षरांसकट निघाला. तेव्हापासून मूळ मोडी कागद मी चिकटवत नाही. स्कॅन करते, मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घेते, आणि मगच किती झाकायचं ते ठरवते.

१७. ते चित्र विकत मिळेल का?

नाही. ते दारासमोर टांगलंय. काका वर्षातून एकदा येतात, चहा घेतात आणि जाताना नव्याने प्रयत्न करून बघतात. गेल्या खेपेला रंगाच्या कडेशी ‘झारा’ असावा असं त्यांचं मत पडलं.

१८. परदेशात चित्र पाठवताना जुने कागद अडचणीचे ठरतात का?

ठरू शकतात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ७५ वर्षांहून जुनी, ऐतिहासिक वगैरे मूल्याची हस्तलिखितं आणि दस्तऐवज पुरावस्तूंत मोडतात, आणि पुरावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. माझ्या चित्रांत स्कॅन असतात (प्रश्न १६), त्यामुळे मी पार्सलसोबत तसं लिहून देते. तुमच्या चित्रात मूळ कागद असतील तर आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

१९. घरातली रद्दी पाठवली तर घ्याल?

घेईन. स्टेपल आणि टाचण्या काढा, त्यांचा गंज कागद खातो. प्लॅस्टिकचा मुलामा असलेल्या पत्रिका नकोत, गोंद धरत नाही. कसर असेल तर आधी सांगा. आणि गठ्ठ्यात मोडी दिसली तर ते पान वर, वेगळ्या पाकिटात ठेवा. काकांना फोन करून ठेवते.